कानांना पापण्या नसतात

वाचकहो, पुढील ओळी वाचण्यापूर्वी एक मिनिट डोळे मिटून स्वस्थ बसा आणि या क्षणी आपल्या कानांवर काय काय येत आहे, ते मनाशी मोजा. डोक्यावरच्या पंख्याची घरघर, स्वयंपाकघरातील मिक्सर, शेजारच्या घरातील दूरचित्रवाणीवरची मालिका, रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाकीचा हॉर्न, जवळपास कुठेतरी फरशी कापणारे यंत्र. यांपैकी किती आवाज डोळे मिटण्यापूर्वी आपल्या ध्यानात आले होते? बहुधा फार थोडे. कारण त्यांची आपल्याला सवय झालेली असते.

हमरस्त्यालगत राहणारे कुटुंब पाहुण्यांना सहज सांगते, "पहिले काही महिने झोप लागत नसे, आता काही वाटत नाही." हे सांगणे प्रामाणिक असते, परंतु ते अर्धेच खरे असते. सवय होते ती मनाला. डोळ्यांना नको असलेले दृश्य पापणी मिटून दूर करता येते. कानांना तशी सोय निसर्गाने दिलेली नाही. आपण झोपलो तरी कान उघडेच असतात आणि त्यांच्यामागे मेंदूचा पहारा चालूच असतो. मनाने जो गोंगाट कानाआड केला, त्याचा हिशेब शरीर ठेवीतच राहते. म्हणून ध्वनिप्रदूषणावरचा उपाय आपली सहनशक्ती वाढवणे हा नसून, आवाज कमी करणे हाच आहे. हे का, आणि ते कसे साधावे, याचा विचार या लेखात करू.

डेसिबलचे फसवे गणित

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र डेसिबलचे आकडे घरातील मोजपट्टीवरच्या आकड्यांप्रमाणे सरळ वाढत नाहीत. 3 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. 10 डेसिबलची वाढ म्हणजे दहापट. आणि 20 डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट. गंमत अशी की, ऊर्जा दहापट झाली तरी आपल्या कानाला तो आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा भासतो. कानावर पडणारा भार आणि आपल्याला जाणवणारा त्रास यांत असे मोठे अंतर पडते, आणि "थोडासाच तर मोठा आहे" असे म्हणत आपण त्या आवाजात तासन् तास बसतो.

कुजबुज सुमारे 30 डेसिबल, शांतपणे चाललेले संभाषण 60, गजबजलेला रस्ता 75 ते 85, मिक्सर 80 ते 90, आणि मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ 100 च्याही वर, असे हे आकडे ढोबळमानाने सांगता येतात. व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मानली जाणारी मर्यादा अशी की, 85 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांहून अधिक ऐकू नये. त्यापुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. 100 डेसिबलला पंधरा मिनिटे, आणि 110 डेसिबलला दोन मिनिटांहूनही कमी. आता मिरवणुकीत तीन-चार तास नाचणाऱ्या आपल्या मुलाचा हिशेब आपणच करावा.

प्रत्येकाजवळ आवाज मोजण्याचे यंत्र नसते. त्याची गरजही नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या व्यक्तीशी बोलताना आपणास आवाज चढवावा लागत असेल, तर भोवतालचा गोंगाट 85 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे, असे समजावे. भ्रमणध्वनीवरील मोजणीची ॲप्स अगदी अचूक नसतात. तरीही दोन ठिकाणांची किंवा दोन वेळांची तुलना करण्यास ती पुरेशी असतात.

वावटळीत आडवे झालेले पीक

आपल्या अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला एक चिमुकला अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी ओळीने उभ्या असतात. ध्वनिलहरी आली की या पेशींवरचे सूक्ष्म केस लवतात, आणि त्या लवण्याचे विद्युत संदेशात रूपांतर होऊन तो संदेश मेंदूकडे जातो. वाऱ्याच्या झुळकेने शेतातील ज्वारीची ताटे वाकतात आणि पुन्हा सरळ उभी राहतात, तसेच हे आहे. परंतु वावटळच आली तर ताटे आडवी होतात. आणि वावटळ रोजच येऊ लागली तर ती मोडून पडतात. शेतकरी पुन्हा पेरणी करू शकतो. मनुष्याच्या केशपेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मिरवणुकीहून किंवा मोठ्या समारंभाहून परतल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटते आणि कानात बारीक शिट्टी वाजत राहते. सकाळपर्यंत बहुधा ते कमी होते आणि आपण निश्चिंत होतो. वास्तविक, तो थकलेल्या केशपेशींनी दिलेला इशारा असतो. असे वारंवार घडले की तात्पुरता बहिरेपणा कायमचा होतो. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा नेमका उलटा आहे. तो मुंगीच्या पावलांनी येतो, आणि जात नाही.

त्याचा प्रारंभ उच्च पट्टीतील ध्वनींपासून होतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने प्रथम हरवतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे अशा व्यक्तीची तक्रार "ऐकू येत नाही" अशी नसते. "ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत" अशी असते. ‘सात’ आणि ‘हात’, ‘शाल’ आणि ‘चाल’ यांत गल्लत होऊ लागते. स्त्रियांचे व लहान मुलांचे आवाज तुलनेने उंच पट्टीतील असल्यामुळे घरातील आजोबांना जावयाचे बोलणे समजते आणि नातीचे समजत नाही. "सोयीस्कर तेवढेच ऐकतात" असा त्यांच्यावर आरोप होतो, तेव्हा दोष त्यांच्या मनाचा नसून त्यांच्या केशपेशींचा असतो.

वयोमानाने ऐकणे कमी होणारच, असे आपण गृहीत धरतो. वयाचा वाटा असतो, हे खरे. पण सारा दोष वयाचा नसतो. 1960 च्या दशकाच्या आरंभी सॅम्युएल रोझेन या अमेरिकी कर्णतज्ज्ञाने सुदानमधील माबान जमातीच्या लोकांची श्रवणशक्ती तपासली. यंत्रांच्या गोंगाटापासून दूर राहणाऱ्या त्या समाजातील सत्तरीच्या वृद्धांचे कानही आश्चर्य वाटावे इतके तीक्ष्ण होते. त्यांचा आहार आणि राहणी यांचाही त्यात हात असू शकेल; तथापि शांत परिसराचा लाभ त्यांच्या कानांना मिळाला होता, हे नाकारता येत नाही.

झोपेतही जागा असलेला पहारेकरी

कानांचे नुकसान होण्यास मोठा आवाज लागतो. हृदयाचे नुकसान होण्यास मात्र तेवढ्या मोठ्या आवाजाची गरज नसते, आणि ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे.

अचानक आलेला आवाज म्हणजे धोका, हे समीकरण आपल्या मेंदूत लक्षावधी वर्षांपासून कोरलेले आहे. आवाज येताच मेंदूतील भयकेंद्र चेतते. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. रानातील मनुष्याला वाघापासून पळण्यासाठी ही योजना उपयोगी होती. आज वाघ नाही. पण रात्री दीड वाजता खिडकीखालून सायलेन्सर काढलेली दुचाकी जाते, तेव्हा शरीर तीच योजना अमलात आणते.

आई विजेच्या कडकडाटात झोपू शकते. परंतु पाळण्यातील बाळ किंचित कण्हले तरी तिला जाग येते. याचा अर्थ, झोपेतही मेंदू प्रत्येक आवाज तपासून पाहत असतो. युरोपातील सहा मोठ्या विमानतळांच्या परिसरातील रहिवाशांचा एक विस्तृत अभ्यास झाला आहे. रात्रीचा विमानांचा आवाज दर 10 डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाब असण्याची शक्यता सुमारे 14 टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले. याच अभ्यासाचा भाग म्हणून 140 जणांचा रक्तदाब रात्रभर, ते झोपेत असताना, ठरावीक अंतराने मोजण्यात आला. विमान गेल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 6 अंकांनी वाढत होता, आणि त्या माणसाला जाग आली नसली तरीही वाढत होता. आवाज विमानाचाच हवा, असेही नव्हते. शेजारी झोपलेल्या जोडीदाराच्या घोरण्यानेही तोच परिणाम होई.

"आता काही वाटत नाही" या वाक्याचे उत्तर या निष्कर्षात आहे. ज्यांना रात्री जाग येत नव्हती, त्यांनाही सकाळी काही वाटत नसेल. पण त्यांच्या रक्तवाहिन्यांनी रात्रभर त्या आवाजाची नोंद घेतली होती. जर्मनीतील माइन्झ येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना रात्री विमानांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराची लवचिकता सकाळी घटलेली आढळली. एका रात्रीचा परिणाम शरीर भरून काढते. वर्षानुवर्षांचा परिणाम उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या रूपाने पुढे येतो. पश्चिम युरोपात केवळ वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2011 मधील अंदाज होता. आपल्या शहरांतील रस्ते तेथील रस्त्यांहून शांत आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

शांत झोपेसाठी शयनगृहात 30 डेसिबलहून अधिक आवाज नसावा, असे ही संघटना सांगते. आपल्यापैकी कितीजणांचे शयनगृह या कसोटीला उतरेल?

वर्गाच्या कोणत्या बाजूला बसलात?

मुलांच्या बाबतीत हानीचे स्वरूप वेगळे असते. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इमारतीलगत उंच पुलावरून रेल्वे धावत असे. वर्ग चालू असताना दर साडेचार मिनिटांनी गाडी जाई आणि सुमारे अर्धा मिनिट शिक्षकांना थांबावे लागे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने रुळांकडील वर्गांतील मुलांची तुलना इमारतीच्या शांत बाजूच्या मुलांशी केली. शाळा एक, शिक्षणक्रम एक. पण सहाव्या इयत्तेपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. हा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवण्यात आल्या, वर्गांना ध्वनिशोषक छत लावण्यात आले. आणि 1981 मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंतील अंतर नाहीसे झाले होते.

जर्मनीत म्युनिक शहराचा विमानतळ 1992 मध्ये जुन्या जागेवरून नव्या जागी हलवण्यात आला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची चाचणी स्थलांतरापूर्वी आणि नंतर घेतली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची वाचनशक्ती व दीर्घकालीन स्मरणशक्ती घटली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची सुधारली. पालकांनी या दोन्ही उदाहरणांतील दुसरा भाग विशेष लक्षात ठेवावा. आवाज कमी केला की मुले सावरतात. परीक्षेच्या दिवसांत शिकवणीवर होणाऱ्या खर्चाच्या जोडीला घरातील दूरचित्रवाणी दोन तास बंद ठेवणे, हा विनाखर्चाचा उपाय आहे.

तान्ही बाळे, गर्भवती स्त्रिया, हृदयरोगी आणि वृद्ध यांना गोंगाट अधिक बाधतो. बाळाचा कर्णमार्ग अरुंद असल्याने तोच आवाज त्याच्या कानात अधिक तीव्रतेने पोहोचतो, आणि "मला त्रास होतो" हे त्याला सांगता येत नाही. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. स्मृतिभ्रंशाची जी कारणे टाळता किंवा कमी करता येण्याजोगी आहेत, त्यांत श्रवणदोषाला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2017 पासून महत्त्वाचे स्थान दिले आहे. ऐकू येत नाही म्हणून मनुष्य संभाषणातून दूर होतो, दूर झाला की एकटा पडतो, आणि एकटेपणात बुद्धीही मंदावते.

आधी आपल्या उंबऱ्याच्या आत

गोंगाट म्हटले की आपण बोट दाखवतो ते बाहेरच्या जगाकडे. तेथे जाण्यापूर्वी आपल्या घरात काय करता येईल, ते पाहू.

मिक्सर थेट ओट्यावर न ठेवता जाड रबरी पत्र्यावर किंवा घडी घातलेल्या कापडावर ठेवावा. ओट्यातून पसरणारे कंपन कमी होते. मात्र यंत्राखालच्या हवेच्या फटी झाकल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. वाटण पहाटे किंवा रात्री उशिरा करणे टाळावे. कपडे धुण्याचे यंत्र सपाट जागी आहे ना, पंख्याचे बॉलबेअरिंग झिजले नाही ना, हे तपासावे. पलंग रस्त्याकडील भिंतीला लागून असेल, तर तो आतील भिंतीकडे सरकवावा.

बाहेरचा आवाज अडवण्यासाठी जाड पडदे लावले की काम झाले, असा समज आहे. पडद्यांनी खोलीतील घुमणे कमी होते. बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. जेथून हवा येते तेथून आवाज येतो, हे सूत्र ध्यानात ठेवावे. खिडकीच्या चौकटीतील व दाराखालील फटी रबरी पट्टीने बुजवल्या, तर पडद्यांपेक्षा कितीतरी अधिक लाभ होतो. झाडांच्या एका रांगेनेही आवाज फारसा घटत नाही. त्यासाठी दाट झाडीचा रुंद पट्टा लागतो. झाडे अवश्य लावावीत; पण त्यांच्या भरवशावर खिडकी उघडी ठेवून झोपू नये.

दूरचित्रवाणीचा आवाज दरवर्षी एक-दोन अंकांनी वाढवावा लागत असेल, तर तो यंत्राचा दोष नव्हे. घरातील ज्येष्ठांची श्रवणचाचणी करून घ्यावी. चष्मा लावण्यात आज कोणी कमीपणा मानत नाही. श्रवणयंत्राविषयीही तसाच मोकळेपणा यावयास हवा.

तरुण मुलांच्या कानांतील इअरफोन हा स्वतंत्र चिंतेचा विषय आहे. जगभरातील 12 ते 35 वयोगटातील एक अब्जाहून अधिक व्यक्तींची श्रवणशक्ती असुरक्षित सवयींमुळे धोक्यात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबलची आहे. व्यवहारात सांगावयाचे तर आवाज साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये आणि तासाभराने कानांना विश्रांती द्यावी. लोकलमध्ये किंवा बसमध्ये बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी मुले आवाज वाढवतात. तेथेच सर्वाधिक हानी होते.

मिरवणुकीस जाणे टाळता येत नसेल, तर कानात कापसाचे बोळे घालून भागत नाही. औषधांच्या दुकानात फोमचे कर्णरोधक मिळतात. ते बोटांत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, कर्णरोधक आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. लहान मुलांसाठी बाहेरून कान झाकणारी आच्छादने मिळतात. पण तान्ह्या बाळाला अशा ठिकाणी न नेणे, हेच उत्तम.

फटाक्याच्या किंवा ध्वनिक्षेपकाच्या आवाजानंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर "उद्या बरे होईल" म्हणून वाट पाहू नये. ताबडतोब, शक्यतो एक-दोन दिवसांच्या आत, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. वेळेवर उपचार मिळाल्यास काही रुग्णांची श्रवणशक्ती परत येऊ शकते. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडणे हा यावरचा उपाय नाही. पडद्याला छिद्र पडलेले असल्यास त्याने अपायच होतो.

उत्सव हवा, उपद्रव नको

आता उंबऱ्याबाहेर. आपल्या महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सण-उत्सवांचा उल्लेख टाळून चालणार नाही, आणि त्यांचा उल्लेख केला की मने दुखावतात. म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कानाच्या केशपेशीला धर्म, जात किंवा पक्ष नसतो. ध्वनिक्षेपकावर आरती असो, अजान असो, लग्नातील गाणी असोत वा निवडणुकीची घोषणा असो, 100 डेसिबलचा आवाज हा 100 डेसिबलच असतो.

पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीतील आवाजाची मोजणी तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी अनेक वर्षे करीत आले आहेत. काही वर्षी ही पातळी 100 डेसिबलच्या पुढे गेलेली आहे. त्या रस्त्यावरील जुन्या वाड्यांत व इमारतींत रुग्ण राहतात, बाळंतिणी राहतात. ढोलाचा व ध्वनिक्षेपकांतील ‘बास’चा खर्जातला आवाज भिंतींनाही फारसा जुमानत नाही. दारे लावली तरी तावदाने थरथरतात आणि छातीत धडधडते, ते यामुळेच.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. ध्वनिक्षेपकांची एकच भली मोठी भिंत उभारण्याऐवजी लहान ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या जवळ, कमी आवाजात आणि किंचित खाली झुकवून लावावेत. मंडपातील सर्वांना स्वच्छ ऐकू येते आणि पलीकडच्या गल्लीतील रुग्णाची झोप मोडत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. म्हणून रुग्णालय व शाळा यांच्यापासून मंडप शक्य तितका दूर असावा. लग्नघरांनीही सभागृह ठरवताना वाद्ये रात्री दहाला बंद होतील, असे वाजवणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे. ऐन वेळी पोलीस आल्यावर होणारी शोभा टळते.

कायदा आपल्या बाजूने आहे

महाराष्ट्रातील गोंगाटविरोधी लढ्यात डॉक्टर आघाडीवर राहिले, हे आरोग्यविषयक पाक्षिकाच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी 1985 मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये विस्तृत निर्णय दिला. त्याआधी, 18 जुलै 2005 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे आणि ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्यास ऐकण्यास भाग पाडण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नसल्याचे स्पष्ट केले. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 पासून देशभर लागू आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, व्यापारी क्षेत्रात 65 व 55, औद्योगिक क्षेत्रात 75 व 70, आणि शांतता क्षेत्रात 50 व 40 डेसिबल अशा मर्यादा आहेत. येथे रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन ही वेळ मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. निवासी भागात रात्री निकडीच्या प्रसंगाखेरीज हॉर्न वाजवणे आणि बांधकामाची कर्कश यंत्रे चालवणे यांसही मनाई आहे. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्यास मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्या वेळी 1000 आणि पुढे 2000 रुपये दंड होऊ शकतो.

तक्रार करण्यापूर्वी शक्य असेल तर एकदा समोरासमोर, शांतपणे बोलून पाहावे. "आवाज बंद करा" म्हणण्यापेक्षा "घरी आईला हृदयविकार आहे, आवाज थोडा कमी केलात तर बरे होईल" असे म्हटले, तर पुष्कळदा मंडळाचे तरुण ऐकतात. न ऐकल्यास 112 या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे. तक्रारदाराचे नाव विचारून न घेता पोलिसांनी कारवाई करावी, असे 2025 च्या उपरोक्त निर्णयात उच्च न्यायालयाने बजावले आहे. सोसायटीने किंवा मोहल्ल्याने मिळून केलेली तक्रार एकट्याच्या तक्रारीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, आणि तिने शेजाऱ्यांतील वैरही टळते.

पुढील अंक येईपर्यंत

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरी दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, असे ग्रामस्थांनी ठरवले. त्यांचा मुख्य उद्देश मुलांना पडद्यापासून सोडवणे हा होता. परंतु जो भोंगा एरवी गोंगाट वाढवतो, त्याचाच उपयोग एखादे गाव शांततेसाठी करू शकते, हे त्यातून दिसले. यासाठी शासकीय आदेश लागला नाही, निधी लागला नाही. गावाने एकत्र बसून ठरवले, एवढेच.

वाचकहो, आपल्या घरापुरते असे काही आपणही ठरवू शकता. हा अंक हाती आहे तोवर, म्हणजे पुढील पंधरा दिवस, एक प्रयोग करून पाहावा. रोज रात्री झोपण्यापूर्वीचा एक तास घरात कोणतेही ध्वनियंत्र चालू ठेवू नये. वाहन चालवताना प्रत्येक वेळी हॉर्नकडे हात जाईल तेव्हा तो खरोखर आवश्यक आहे काय, एवढे मनाशी विचारावे. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील, तर त्यांचा सकाळचा रक्तदाब आणि झोपेची वेळ रोज एका वहीत टिपावी. औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बदलू नयेत. साठीपुढच्या व्यक्तींची श्रवणचाचणी याच पंधरवड्यात उरकून घ्यावी. पंधरा दिवसांनी कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून ती वही वाचावी, आणि आजी-आजोबांनाही ऐकू येईल अशा हळू, स्पष्ट आवाजात एकमेकांना विचारावे, काय बदलले?